स्कॅनमधला अनुस्वार प्लेटपर्यंत पोचला पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मराठी पुस्तकांची आणि मासिकांची जशीच्या तशी पुनर्मुद्रणे अलीकडे बरीच निघू लागली आहेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन छापायला सर्वांना मोकळे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून कोणालाही काढता येऊ लागले. स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या पीडीएफ आता घरबसल्या मिळतात आणि डिजिटल छपाईत पन्नास-शंभर प्रतीही परवडतात. हौशी मंडळे, शताब्दी साजरी करणाऱ्या शाळा, लहान प्रकाशक अशी सगळीच मंडळी या कामात उतरली आहेत आणि त्याचा मनापासून आनंद आहे. पण हातात येणारे पुस्तक पाहिले की जीव हळहळतो. अक्षरे करडी, कडा पिंजलेल्या, शिरोरेषा जागोजाग तुटलेली आणि तिच्यावरचे अनुस्वार नाहीसे झालेले. दोष कागदाला नाहीतर यंत्राला दिला जातो. बहुतेक वेळा तो दोष स्कॅनची पीडीएफ आणि छपाईची प्लेट यांच्यामधल्या एकाच कामात असतो: त्या पीडीएफमधून छपाईयोग्य प्रतिमा काढण्यात. मुद्रणपूर्व काम, म्हणजे छपाईआधी फाइली तयार करण्याचे काम, करणाऱ्यांना रोज दिसणारी ही गोष्ट आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अनुस्वारापासूनच सुरुवात करू. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मराठीत अनुच्चारित अनुस्वारही छापले जात आणि ते शोभेचे नव्हते. ‘नांव’ म्हणजे माणसाचे, ‘नाव’ म्हणजे पाण्यातली. ‘मी गेलें’ असे म्हणणारी बाई आहे. ठिपका पडला की ‘गेले’ हे अनेकवचनी पुल्लिंगी रूप उरते. आजच्या लेखनातही ‘वंश’ आणि ‘वश’ यांच्यात तेवढाच एक ठिपका आहे. दहा पॉइंटाच्या मजकुरात हा ठिपका साधारण ०.४ मिलिमीटर व्यासाचा असतो. ६०० डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला ६०० पिक्सेलच्या, स्कॅनमध्ये त्याच्या वाट्याला आडवे-उभे नऊ-नऊ पिक्सेल येतात, ३०० ला चार-पाच, १५० ला दोन आणि ७२ ला जेमतेम एक. पुढे जे काही सांगणार आहे त्यातली प्रत्येक पायरी या ठिपक्यावर तपासून पाहावी. तो शाबूत राहिला तर रफार, चंद्रकोर, ‘ष’च्या पोटातली रेघ हे सारे शाबूत राहते.

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे एक पाकीट आहे, आत पानांची छायाचित्रे आहेत. पाकिटाला स्वतःचे रिझोल्यूशन नसते. ते आतल्या छायाचित्राला असते. म्हणून ‘पीडीएफचे जेपेग करून दे’ असे सांगितले की दोन अगदी वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक, आतले मूळ छायाचित्र आहे तसे बाहेर काढले जाते. दोन, संगणक ते पान पडद्यावर दाखवल्यासारखे नव्याने रंगवतो आणि त्याचा फोटो काढून देतो. फुकटच्या संकेतस्थळांवर आणि घाईच्या कामात जवळजवळ नेहमी दुसरा प्रकार होतो, तोही कमी रिझोल्यूशनला. इमेजमॅजिकसारखे प्रतिमा बदलण्याचे उत्तम साधनसुद्धा काही न सांगता चालवले तर पान ७२ डीपीआयलाच रंगवते. आणि घनता (डीपीआयचा आकडा) सांगायची ती फाइलच्या नावाच्या आधी सांगावी लागते, नंतर सांगितलेली त्याच्या कानावर जातच नाही. ७२ ला रंगवलेले पान मग कोणीतरी फोटोशॉपमध्ये ३०० करून ठेवतो. आकडा ३०० होतो, ठिपका एका पिक्सेलचाच राहतो, फक्त फुगून धुरकट होतो.

त्यामुळे पहिले काम म्हणजे पाकिटात काय आहे ते पाहणे. पॉप्लर या मोफत संचात ‘पीडीएफइमेजेस’ नावाचे छोटे साधन आहे. त्याला ‘लिस्ट’ हा पर्याय देऊन फाइल दिली की प्रत्येक पानातल्या प्रतिमेची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये, रंग की करडी की एक-बिट, दाबण्याची म्हणजे फाइल लहान करण्याची पद्धत आणि प्रत्यक्ष पीपीआय (डीपीआयसारखेच, दर इंचाला पिक्सेल) असा तक्ता समोर येतो. ज्यांना आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा आहे त्यांनी फोटोशॉपमध्ये पीडीएफ उघडताना येणाऱ्या चौकटीत ‘पेजेस’ऐवजी ‘इमेजेस’ निवडावे. तिथे आतली छायाचित्रे त्यांच्या मूळ मापात दिसतात. ‘पेजेस’ निवडले तर पान नव्याने रंगवले जाते आणि तिथे भरलेला आकडा बरोबर आहे की नाही हे सांगायला कोणी नसते.

तक्त्यातला पीपीआयचा आकडाही डोळे झाकून मानू नये. पुष्कळ फाइलींत स्कॅनरने लिहिलेली घनता वाटेत हरवलेली असते आणि डेमी आकाराचे (नेहमीच्या पुस्तकाएवढे) पान पीडीएफमध्ये तीस इंच उंच दिसते. पट्टी घेऊन मूळ पुस्तक मोजावे आणि साधा भागाकार करावा. पान साडेपाच बाय साडेआठ इंच असेल आणि छायाचित्र २२०० बाय ३४०० पिक्सेलचे असेल, तर ते ४०० पीपीआय आहे, फाइल काहीही म्हणो. हेच पान ६०० ला ३३०० बाय ५१०० पिक्सेलचे हवे.

आता पुढचा मार्ग आत काय सापडले त्यावर ठरतो. प्रत्येक पानात एकच प्रतिमा असेल, ती एक-बिट म्हणजे निव्वळ काळी-पांढरी असेल, ६०० पीपीआय असेल आणि सीसीआयटीटी या फॅक्ससाठी ठरवलेल्या पद्धतीने दाबलेली असेल, तर तुमच्या हाती सोने आहे. ती तशीच टिफ स्वरूपात, ग्रुप ४ (सीसीआयटीटीचाच एक प्रकार) दाबणीत काढून घ्यावी. या दाबणीत एकही पिक्सेल बदलत नाही आणि डेमी पानाची फाइल किरकोळ आकाराची राहते. काढल्यावर एक पान उघडून पाहावे. काही वेळा काळे-पांढरे उलटलेले येते, कारण शून्य म्हणजे पांढरे की काळे हे पीडीएफमध्ये वेगळे नोंदलेले असते. पडद्यावर काही सॉफ्टवेअर ते आपोआप सरळ करून दाखवतात आणि प्लेट मात्र निगेटिव्ह निघते, म्हणून दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेले बरे.

प्रतिमा जेपेग असेल तर ती जेपेग म्हणूनच बाहेर काढावी, पुन्हा जेपेगमध्ये साठवू नये. जेपेग पानाचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येकातला बारकावा कमी करतो. आकाशाच्या फोटोत ते खपून जाते. काळ्या अक्षराच्या कडेला मात्र करड्या किड्यांसारखी घाण साचते आणि प्रत्येक वेळी साठवताना ती वाढते. पुढचे सगळे काम टिफमध्ये, एलझेडडब्ल्यू या काहीही न गमावणाऱ्या दाबणीत करावे. आणि पाने छापखान्याकडे व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नयेत. तिथे ती पुन्हा लहान होतात आणि पुन्हा जेपेग होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जातात.

तिसरा प्रकार फसवा आहे. इंटरनेट अर्काइव्हवरच्या अनेक पीडीएफमध्ये एका पानाचे दोन-तीन थर असतात: कागदाचा पिवळेपणा एका अंधुक, कमी रिझोल्यूशनच्या थरात आणि अक्षरांचा साचा दुसऱ्या, जास्त रिझोल्यूशनच्या एक-बिट थरात. अशा फाइलीतून प्रतिमा काढल्या की एका पानाच्या जागी अंधुक चिंध्या आणि काळे साचे हाती येतात आणि माणूस गोंधळतो. अशा वेळी पूर्ण पान साच्याच्या रिझोल्यूशनला रंगवून घ्यावे किंवा मजकूर स्वच्छ असेल तर नुसता साचाच वापरावा. त्याहून उत्तम म्हणजे पीडीएफचा नाद सोडावा: त्याच पानावर डाउनलोडच्या यादीत बहुधा जेपेग २००० स्वरूपातल्या सुट्या पानांची झिप फाइल असते. ती आकाराने मोठी असते म्हणून कोणी घेत नाही, पण छपाईसाठी घ्यायची ती तीच.

साच्याच्या थराबाबत एक गंभीर धोका आहे आणि त्यावर मराठीत फारसे बोललेच जात नाही. एक-बिट पाने दाबण्याची जेबिग-२ नावाची पद्धत आहे. तिच्यात जागा वाचवण्यासाठी एक युक्ती करता येते: पानावर एकसारखी दिसणारी अक्षरे शोधायची, त्यातले एकच साठवायचे आणि बाकी ठिकाणी त्याचाच ठसा मारायचा. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की झेरॉक्सच्या काही स्कॅनर-कॉपियर यंत्रांतून निघालेल्या नकाशांवर आणि तक्त्यांवर ६ च्या जागी ८ छापला जात होता. धूसर नव्हे, अगदी स्वच्छ आणि चुकीचा. हे इंग्रजी आकड्यांत घडले. आपल्याकडे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यात फरक किती बारीक आहे ते सांगायला नको. अशी फाइल ओळखायची एक खूण आहे. पान सोळापट मोठे करावे आणि एकाच ओळीतले चार-पाच ‘म’ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाचे टाइप जुळवून केलेल्या, छपाईत दोन ‘म’ कधीच हुबेहूब नसतात. एकाचा कोपरा झिजलेला, दुसऱ्यावर शाई जास्त. चारही ‘म’ पिक्सेलन् पिक्सेल सारखे असतील, एकाच्या दांडीला पडलेला खड्डा चौघांनाही असेल, तर तिथे ठसे मारलेले आहेत. त्या फाइलीवरून पुस्तक छापू नये, दुसरी प्रत शोधावी.

समजा, हातात ३०० पीपीआयची करडी किंवा रंगीत पाने आहेत. बहुतेक कामे अशीच येतात. ती तशीच पानात लावून छापायला देणे ही सर्रास होणारी चूक. ऑफसेटमध्ये करडा रंग छापताच येत नाही. त्याचे स्क्रीनचे, म्हणजे छपाईच्या जाळीचे, लहान-मोठे काळे डॉट करावे लागतात. पुस्तकासाठी स्क्रीन इंचाला १५० रेघांचा धरला, तर एका डॉटचे घर साधारण ०.१७ मिलिमीटरचे होते. आपला अनुस्वार ०.४ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या वाट्याला आडवी-उभी दोन-दोन घरे. शिरोरेषेला कशीबशी एक रांग. करड्या पानावरचे अक्षर जाळीदार आणि कुरतडल्यासारखे का दिसते याचे हेच कारण आहे. तेच पान एक-बिट केले की स्क्रीनचा प्रश्न उरत नाही, अक्षर सलग काळ्या शाईत उमटते आणि कडा प्लेटच्या पूर्ण बारकाव्याने येतात. म्हणून मजकुराला किमान ६०० पीपीआय एक-बिट, छायाचित्राला छापील आकारात ३०० पीपीआय करडे. छायाचित्राचा आकडा स्क्रीनच्या दुप्पट धरलेला आहे, १५० गुणिले दोन.

रंगीत पानांचे आणखी एक दुखणे. पान आरजीबीत (पडद्याचे तीन रंग) ठेवून सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया) बदलले की काळे अक्षर चारही शायांत वाटले जाते. फोटोशॉपच्या जुन्या प्रचलित मांडणीत शुद्ध काळ्याचे निळा ७५, किरमिजी ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के असे तुकडे होतात. चार रंगांत छापले आणि रजिस्टर (शाया एकमेकींवर नेमक्या बसणे) एक दशांश मिलिमीटर सुटले, तर अनुस्वाराच्या पाव व्यासाइतकी रंगीत झालर दिसते. एका रंगात छापायचे म्हणून नुसती काळी प्लेट काढली, तर ९० टक्के काळा म्हणजे पुन्हा जाळी. मजकूर नुसत्या काळ्या शाईत, शंभर टक्के, एवढेच हवे.

३०० च्या करड्या पानावरून ६०० चे एक-बिट पान करता येते आणि ते चांगले होते, पण क्रम चुकता कामा नये. आधी करडे असतानाच बायक्युबिक (शेजारच्या पिक्सेलांवरून मधले काढणाऱ्या) पद्धतीने दुप्पट करायचे, मग काळे-पांढरे करायचे. करड्या कडेत अक्षराची खरी हद्द पिक्सेलच्या कोणत्या भागात आहे याची माहिती असते, ती दुप्पट करताना कामी येते. उलट क्रमाने, म्हणजे ३०० ला काळे-पांढरे करून मग दुप्पट केले तर नुसत्या पायऱ्या मोठ्या होतात. हाच नियम पान सरळ करण्यालाही. एक अंश कललेल्या पानावर चार इंचांच्या ओळीत दीड-पावणेदोन मिलिमीटरचा चढ येतो. शिरोरेषा हा आपल्याला मिळालेला फार सोयीचा ओळंबा आहे, तिच्यावरून कल लगेच कळतो. पण एक-बिट पान फिरवले की त्याच शिरोरेषेला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. फिरवणे, पुस्तकाच्या घडीजवळचा बाक काढणे, मोठे करणे हे सारे करड्यातच. काळे-पांढरे सर्वांत शेवटी.

करडे करतानाही थोडा विचार हवा. रंगीत प्रतिमेत लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल म्हणजे थर असतात. पिवळा पडलेला कागद निळ्या चॅनलमध्ये गडद आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ पांढरा दिसतो. म्हणून रंगीत स्कॅन असेल तर सरधोपट करडे न करता नुसता लाल चॅनल घ्यावा. तपकिरी डागही बरेचसे त्यातच विरतात. वाचनालयाचा जांभळा शिक्का मजकुरावर असेल तर तेवढ्या भागासाठी निळा चॅनल पाहावा, शिक्का तिथे सर्वांत फिका असतो. मागच्या पानाची अक्षरे उमटली असतील तर पुस्तक हाताशी असलेल्यांनी पानामागे काळा कागद ठेवून पुन्हा स्कॅन करावे. ते पाच मिनिटांचे काम आहे, पुसत बसणे दिवसभराचे.

काळे-पांढरे करण्याची रेघ कुठे मारायची हा सगळ्यात नाजूक भाग. रेघेहून गडद ते काळे होते, फिकट ते पांढरे. रेघ गडदाकडे गेली की शिरोरेषा तुटते, रफार उडतो, ‘ऱ्ह’ची कोयरी विरते. फिकटाकडे गेली की ‘घ’ची फट बुजते, ‘ष’ भरतो, वेलांटी आणि तिच्यावरचा अनुस्वार एकमेकांना चिकटतात. पानभर एकच रेघ जुन्या पुस्तकाला चालत नाही, कारण घडीकडचा भाग सावलीत असतो. आजूबाजूचा उजेड पाहून ठिकठिकाणी वेगळी रेघ मारणाऱ्या पद्धती आहेत, त्यातली एखादी वापरावी. स्कॅनटेलर हे मोफत सॉफ्टवेअर या कामासाठी फार चांगले आहे. ते पीडीएफ घेत नाही. टिफ, पीएनजी किंवा जेपेग घेते आणि दिशा, दोन पानांची फाळणी, कल, मजकुराची चौकट, समास आणि अंतिम पान अशा सहा टप्प्यांतून ६०० डीपीआयचे टिफ काढून देते. जाड-बारीक करण्याची त्याची सरकपट्टी थोडी बारकाकडेच ठेवावी. मॅपलिथोवर (पुस्तकांच्या नेहमीच्या कागदावर) शाई पसरते, खिळ्यांच्या छपाईत ती एकदा आधीच पसरलेली आहे, त्यामुळे पडद्यावर किंचित हडकुळे वाटणारे अक्षर कागदावर नेमके बसते.

आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये अनुस्वाराचा शत्रू बसलेला आहे. ठिपके साफ करण्याची सोय. पान क्षणात लख्ख होते म्हणून ती जोरात लावण्याचा मोह होतो. संगणकाला डागाचा ठिपका आणि अनुस्वाराचा ठिपका यांत फरक कळत नाही. शब्दाला न चिकटलेला, अमुक आकाराहून लहान असा जो दिसेल तो पुसायचा, एवढेच त्याला ठाऊक. रोमन लिपीत फार तर ‘आय’वरचा ठिपका जातो आणि वाचणाऱ्याला तो मनाने भरता येतो. आपल्याकडे ‘नांव’ची ‘नाव’ होते. हा पर्याय बंद ठेवावा किंवा सर्वांत सौम्य ठेवावा आणि समासातले डाग हाताने पुसावेत. मजकुराच्या ओळीतला डाग राहिला तर राहू द्यावा. फोटोशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी बिटमॅप करताना ‘५० टक्के थ्रेशोल्ड’ हीच पद्धत निवडावी. तिथे करड्याचे विखुरलेले ठिपके करणारे ‘डिफ्यूजन डिदर’ निवडलेले राहिले तर सगळे पान रव्यासारखे होते.

जुन्या मासिकांतली छायाचित्रे ब्लॉक करून छापलेली असतात, म्हणजे त्यांत आधीच डॉट आहेत. त्यावर नवा स्क्रीन चढला की चौकड्यांची नक्षी उठते. करडे स्कॅन असेल तर डॉट एकमेकांत मिसळतील इतपतच धूसर करून मग ३०० पीपीआयला आणावे आणि तेवढा तुकडा करडा ठेवून मजकुरापासून वेगळा लावावा. स्कॅनटेलरमध्ये मिश्र पद्धत निवडून चित्राची चौकट आखता येते. एक-बिट स्कॅनच हाती असेल तर डॉट तसेच ठेवावेत आणि चित्र एक टक्काही लहान-मोठे करू नये. रेखाचित्रे मजकुरासारखीच, एक-बिट.

पाने तयार झाल्यावर लावणीत, म्हणजे ती पुस्तकाच्या पानांवर बसवताना, होणाऱ्या चुका साध्या असतात, पण पुस्तक त्यांनीच बिघडते. प्रत्येक पान मजकुराच्या कडेने कापून मग चौकटीत ‘फिट’ केले जाते, त्यामुळे प्रकरणाच्या शेवटचे अर्धे पान फुगते आणि समोरच्या पानाहून त्याची अक्षरे मोठी दिसतात. सगळी पाने शंभर टक्के मापात, मजकुराची पहिली ओळ एका उंचीवर, अशीच बसवायची. नाहीतर पाठपोट छपाईत ७० जीएसएमच्या कागदातून मागच्या ओळी पुढच्या ओळींच्या मधोमध डोकावतात. फाइलींना ००१, ००२ अशी नावे द्यावीत. १ नंतर १० आणि मग १०० असा क्रम लागून फर्मे (एका तावावर छापली जाणारी पाने) उलटसुलट झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. कोरी पाने रिकामी म्हणून काढून टाकू नयेत. एक काढले की पुढची सगळी डावी पाने उजवीकडे येतात.

शेवटी छापखाना पुन्हा पीडीएफच मागतो आणि इथे केलेले सारे एका क्लिकमध्ये वाया जाऊ शकते. पीडीएफ करताना तयार मांडण्यांतली ‘स्मॉलेस्ट फाइल साइझ’ निवडली तर छायाचित्रे १०० पीपीआयवर आणि एक-बिट पाने ३०० वर खाली येतात. ‘हाय क्वालिटी प्रिंट’मध्ये एक-बिट पानांची मर्यादा १२०० आहे, त्यामुळे ६०० ची पाने सुरक्षित राहतात, तरीही एक-बिटची दाबणी ग्रुप ४ आहे ना, हे पाहावे. निव्वळ मजकुराचे पुस्तक असेल तर लावणीच्या सॉफ्टवेअरचीही गरज नाही. इमेजटूपीडीएफ हे छोटे साधन ग्रुप ४ टिफ न उलगडता तशीच पीडीएफमध्ये ठेवते. तयार पीडीएफवर पुन्हा ‘पीडीएफइमेजेस’चा तक्ता काढावा: सगळीकडे एक बिट, सीसीआयटीटी, ६०० दिसले की फाइल पाठवायची. त्याआधी एक पान लेझरवर शंभर टक्के मापात, ‘फिट टू पेज’ बंद करून छापावे आणि भिंगाखाली मूळ पानाशेजारी ठेवावे. पाहायला पान असे निवडावे ज्यात ‘कुऱ्हाड’, ‘हृदय’, ‘षट्कोन’, ‘त्यांनीं’ असे शब्द असतील.

स्कॅनिंगची कामे देणाऱ्या ग्रंथालयांना आणि शासकीय संस्थांना एक विनंती करायची आहे. निविदेत बहुधा फक्त ‘शोधता येणारी पीडीएफ’ मागितलेली असते, म्हणून कंत्राटदार तेवढीच देतो आणि त्याच्याकडची मूळ पाने काही महिन्यांत पुसली जातात. निविदेत दोन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात: वाचकांसाठी हलकी पीडीएफ आणि जतनासाठी, छपाईसाठी न दाबलेल्या किंवा एलझेडडब्ल्यू टिफ. डेमी आकाराचे एक करडे पान ६०० ला १७ एमबीच्या आत बसते, ३०० पानांचे पुस्तक पाच जीबीत. चार टीबीच्या एका डिस्कवर आठशेच्या आसपास पुस्तके मावतात, तशा दोन डिस्क दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. जेबिग-२ मध्ये अक्षरांचे ठसे मारण्याची सोय वापरायची नाही, असे वाक्य करारात स्पष्ट घालावे. काम स्वीकारताना प्रत्येक खोक्यातले एक पुस्तक काढून दहा पाने मुळाशी ताडून पाहावीत, अनुस्वारांसकट.

हे ताडून होईपर्यंत मूळ प्रती रद्दीत देऊ नयेत. ज्या स्कॅनमधून ठिपके गेले आहेत तिथे ते परत मिळवण्याचे दुसरे ठिकाण त्या प्रतीच आहेत.

आपला,
मुद्रणपूर्व कामातला एक वाचक, पुणे